तापवणारे आणि निववणारे पृष्ठभाग : धान्य साठवणुकीतील उपयोग

बंगळुरूलगतचे व्हाइटफील्ड १८८२ मध्ये शेतीवसाहत म्हणून वसले. आज तेथे काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि त्या थंड राखण्यास वीज लागते. गावातील गोदामाचा पत्राही उन्हात असाच तापतो. मात्र तेथे वातानुकूलन नसते आणि त्या उबेचा लाभ कडधान्यातील भुंगेऱ्यांना होतो. सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानात या किडीची एक पिढी साधारण चार आठवड्यांत पूर्ण होते.

पृष्ठभाग किती ऊन शोषतो आणि किती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो, यावर त्याचे तापमान मुख्यतः ठरते. ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण निरभ्र, कोरड्या हवेतून बव्हंशी अवकाशात निघून जातात. म्हणून ऊन परतवणारा आणि हे किरण भरपूर सोडणारा पृष्ठभाग विजेविना थंड राहतो. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राने मॅग्नेशियम ऑक्साइड व पॉलिमर यांपासून असा रंग विकसित केला आहे. त्याने रंगवलेल्या फरसबंदीचे तापमान भर उन्हात सुमारे १० अंशांनी घटले.

अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाने रंगाऐवजी लेझर वापरला. अत्यल्प काळाच्या तीव्र लेझर स्पंदांनी धातूवर डोळ्यांना न दिसणारे खाचखळगे कोरले जातात. असे टंगस्टन काळे होऊन ऊन शोषते, परंतु उष्णता फारशी सोडत नाही. उलट तसेच कोरलेले अॅल्युमिनियम उष्णता वेगाने बाहेर टाकते. एक बाजू तापती व दुसरी थंड ठेवून वीज देणाऱ्या सौर उपकरणात या दोहोंचा, टंगस्टनवरील पारदर्शक प्लॅस्टिकसह, वापर केल्यावर वीजनिर्मिती १५ पट झाल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे पत्रे अद्याप शेतापर्यंत आलेले नाहीत. तत्त्व मात्र आजही वापरता येते. चवळीतील भुंगेऱ्याच्या सर्व अवस्था ५७ अंशांवर तासाभरात मरतात, असे पर्ड्यू विद्यापीठातील प्रयोगांत आढळले. त्यासाठी जमिनीवर गवताचा थर, त्यावर काळे प्लॅस्टिक, वाळलेल्या दाण्यांचा पातळ थर आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा दगडांनी दाबाव्यात. तापमान थर्मामीटरने तपासावे. दाणे पूर्ण निवल्यावरच हवाबंद साठवावेत, अन्यथा आत दव धरते. बियाण्यासाठी आधी थोड्या दाण्यांवर उगवणक्षमता पाहावी. गोदामाच्या छपराला पांढरा रंग दिल्यास उरलेल्या किडीची वाढही मंदावते.