जुनी हलकी स्पोर्ट्स कार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सेनगाव तालुक्यातील गोरेगावासारख्या गावी जुन्या वाहनाचा व्यवहार म्हणजे ट्रॅक्टर, जीप किंवा फार तर मारुती, असे समीकरण रूढ असले, तरी पुण्यामुंबईस नोकरीनिमित्त गेलेल्या येथील तरुणांच्या मनात दोन आसनांच्या हलक्या गाडीची हौस उत्पन्न होतेच, आणि अशी गाडी परदेशीच असावयाची हा त्यांचा पहिला गैरसमज असतो. वस्तुतः विसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने आपल्या शेजारच्या गोव्यात ‘स्टॉर्म’ नावाची गाडी घडविली: काचतंतूचे कवच, रेनोचे 1149 घन सेंटीमीटरचे, सुमारे 60 अश्वशक्तीचे इंजिन, आणि बसावयास दोघांनाच जागा. उलट, तीन वर्षांहून जुनी मोटार आयात करण्यास आपल्याकडे सर्वसाधारणपणे मनाई असल्यामुळे, 1989 ची मूळची माझदा एमएक्स-5 किंवा 1996 ची लोटस एलिस कोणी स्वस्तात देऊ करीत असेल, तर गाडीआधी जकातीचे दस्तऐवज पाहावेत.

इंजिन लहान म्हणजे गाडी मंद, ही समजूतही टिकत नाही. पहिल्या एलिसचे इंजिन जेमतेम 118 अश्वशक्तीचे होते, परंतु त्याला ओढावयाचे वजन सव्वासातशे किलोंच्या आसपासच होते.

काचतंतूची गाडी गंजत नाही, हे विधान विक्रेता अभिमानाने करतो आणि गिऱ्हाईक मान डोलावून स्वीकारते. पण ते अर्धेच खरे आहे, आणि माझ्या मते या सबंध व्यवहारात सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच होय. गंजत नाही ते कवच. ते ज्याच्या आधारावर उभे असते तो सांगाडा बहुधा पोलादाचा असतो, आणि 1962 साली आलेल्या लोटस एलानसारख्या नामांकित गाडीतही चकचकीत कवचाखालचा सांगाडा गंजून बदलावा लागल्याची उदाहरणे विपुल आहेत. शिवाय गाडी हलकी करावयाची म्हणजे पत्रा पातळ आणि नळ्या बारीक ठेवणे ओघानेच येते. त्यामुळे जेवढा गंज जीपच्या जाड चासीला सहज सोसेल, तेवढाच येथे बळाचा फार मोठा हिस्सा खाऊन टाकतो. समुद्रकाठी वर्षानुवर्षे खारा वारा सोसलेली गाडी आपल्या काळ्या जमिनीत आली, की चाकांच्या कमानीत बसलेली चिकण माती दिवसचे दिवस ओल धरून ठेवते.

अशा गाडीची परीक्षा शहरातील तज्ज्ञानेच करावी, गावच्या मिस्त्रीचे ते काम नव्हे, असेही म्हटले जाते. ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणाऱ्या मिस्त्रीला वेल्डिंग कारखान्याचे की नंतरचे, हे पाहताक्षणीच कळते, आणि येथे नेमक्या त्याच नजरेची गरज असते. गाडी खड्ड्यावर घेऊन पायदाणाच्या आतील बाजूस, आसनांच्या बोल्टांपाशी आणि सस्पेन्शन जेथे सांगाड्याला जोडलेले असते तेथे पेचकसाच्या मुठीने ठोकीत जावे. धड पोलाद खणखणते, आतून खाल्लेले बद्द वाजते. मग सांगाड्याचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. त्यांत फरक आढळला, तर गाडीने जबर धडक खाल्लेली आहे, मग वरचा रंग कितीही ताजा असो. दाराच्या बिजागऱ्यांभोवती रंगात बारीक चिरा फाकलेल्या दिसल्या, तर आतील तंतूंचे थर सुटले आहेत का, हे उजेड धरून पाहावे.

कमी किलोमीटर चाललेली गाडी उत्तम, हा समज तर सार्वत्रिक आहे. हलक्या गाडीचे टायर सावकाश झिजतात, आणि म्हणून नक्षी खोल दिसत असूनही रबर कधीच म्हातारे झालेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2314 म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत ब्रेकच्या तेलाने आर्द्रता शोषलेली असते आणि रबरी नळ्या तडकलेल्या असतात.

राहिला कागदपत्रांचा प्रश्न. मुद्रांकावर करारनामा झाला की गाडी आपली, असे मानणाऱ्याने एवढेच आठवावे, की फेरफाराची नोंद होऊन सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत शेत घेणाऱ्यास चैन पडत नाही. नमुना 29 व 30 दाखल होऊन नोंदणीत नाव चढेपर्यंत, अपघात झाल्यास नुकसानभरपाईचा बोजा नोंदणीकृत मालकावरच राहतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये दिलेला आहे. गोव्याची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची, तर तेथील नाहरकत दाखला, महाराष्ट्राचा कर आणि हिंगोलीचा एमएच-38 हा नवा क्रमांक ओघानेच आला. नोंदणीची पंधरा वर्षे उलटली असतील, तर तपासणी होऊन नूतनीकरण झाले आहे किंवा नाही, हेही पाहावे. नजरगहाणाची नोंद असेल, तर बँकेचे बेबाकीपत्र आणि नमुना 35 हाती आल्याखेरीज पुढे जाऊ नये.

डीसी अवंती या देशी स्पोर्ट्स कारच्या संबंधात, एकाच चासी व इंजिन क्रमांकावर एकाहून अधिक नोंदण्या झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी डिसेंबर 2020 मध्ये कारवाई केली होती. म्हणून चासीवरील क्रमांकाचा ठसा पेन्सिलीने कागदावर घेऊन तो नोंदणी पुस्तकाशी अक्षरशः ताडावा. इंजिनाचा क्रमांकही तसाच जुळवावा, कारण सुटे भाग दुर्मीळ झालेल्या गाडीत दुसरेच इंजिन बसविण्याचा मोह होतो, आणि परिवहन कार्यालयाच्या मंजुरीवाचून केलेला असा बदल कायद्यास मान्य नाही. ती मंजुरी नोंदणी पुस्तकावर चढलेली दिसेपर्यंत इसार देऊ नये.