स्ट्राइप साइझ किती ठेवावी? रेड आणि डेटाबेस

तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं डिस्कांवर काय बोलावं, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. पण अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि संपूर्ण वस्तू यांचं नातं काय, हा न्याय-वैशेषिकांचा वाद मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. तुकडा किती लहान करावा हा प्रश्न त्यामुळे माझ्या ओळखीचा आहे. फरक इतकाच, की इथं उत्तर चुकलं तर रांग वाढते.

कुठली रांग? आपल्या जिल्ह्यात १३ तालुके. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. आता समजा, पीककर्जाचे दिवस आहेत, आणि मेहकर, मोताळा, संग्रामपूर, सगळीकडे एकाच वेळी माणसं खिडकीशी उभी आहेत. प्रत्येकाला हवी आहे एक छोटीशी नोंद, पण सगळ्यांना आत्ताच. पलीकडे त्याच डेटाबेसमधून कुणी साहेब अख्ख्या तालुक्याच्या पीकपाहणीचा अहवाल मागतोय. एकाच साठ्याकडे दोन स्वभावांची गिऱ्हाइकं आली.

असा साठा एका डिस्कवर भागत नाही. बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली मांडलं, की एका महागड्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्का एकत्र जोडा. त्या जोडणीला 'रेड' हे नाव त्यांचंच. माहितीचे तुकडे करायचे, पहिला तुकडा पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसऱ्यावर, शेवटची डिस्क आली की पुन्हा पहिलीवर. हे स्ट्रायपिंग. एका डिस्कवर सलग जेवढं जातं, ती मी आज स्ट्राइप साइझ म्हणतोय. इथं जरा जपा बरं का. काही कंपन्या सगळ्या डिस्कांवरची मिळून पूर्ण पट्टी म्हणजे स्ट्राइप साइझ धरतात. पुस्तिका नीट वाचा, नाहीतर चार डिस्कांवर आकडा थेट चौपटीनं चुकेल.

आता हिशेब. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क घ्या. एक फेरा साधारण ८.३ मिलिसेकंदांचा, म्हणजे हवी ती जागा खाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद. डोकं त्या रेघेपर्यंत सरकवायला आणखी ८ धरा. झाले १२. आणि प्रत्यक्ष वाचन? सेकंदाला १५० मेगाबाइट वेग असेल, तर १६ किलोबाइटला एक दशांश मिलिसेकंद! सगळा वेळ जागेवर पोचण्यात जातो, वाचण्यात नाही.

मायएसक्यूएलचं इनोडीबी मुळात १६ किलोबाइटच्या पानांनी काम करतं. पोस्टग्रेस ८ च्या. समजा चार डिस्का आहेत आणि स्ट्राइप साइझ ठेवली ४ किलोबाइट. मग १६ किलोबाइटचं एक पान काढायला चारही डिस्का धावणार, आणि सगळ्यात उशिरा पोचणाऱ्या डिस्कसाठी बाकीच्या थांबणार. वाचला काय, तर एक दशांश मिलिसेकंदातला थोडा भाग. एवढ्यासाठी चार माणसांची कामं एकाच्या दारात नेऊन उभी केली. सेकंदाला जेमतेम ८० पानं. तीच साइझ ६४ केली तर पान एकाच डिस्कवर मावतं, चार डिस्का चार वेगळ्या शेतकऱ्यांची कामं करतात, आणि मागण्या सारख्या विभागल्या तर ३२० पर्यंत जाता येतं. डिस्का त्याच, पैसे तेवढेच.

चेन आणि पॅटरसन यांनी १९९० साली हेच पद्धतशीर तपासलं. एकेक मागणी किती मोठी, यापेक्षा एकाच वेळी किती मागण्या येतात, हे कळणं जास्त मोलाचं, असं त्यांना आढळलं. माझ्या मते याच प्रश्नाकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. लोक विचारतात, 'सर, आकडा सांगा.' मी विचारतो, रांगेत किती जण?

मग एकदम १ गिगाबाइट का नको? कारण जे तक्ते सारखे लागतात ते सगळे एकाच डिस्कवर बसतील. ती घामाघूम आणि बाकीच्या तीन आरामात! तालुक्याच्या अहवालासाठी मात्र मोठी पट्टी अडचणीची नाही. डेटाबेस पुढचं आधीच वाचून ठेवत असेल, तर २५६ किलोबाइट ते १ मेगाबाइटवरही सगळ्या डिस्का कामाला लागतात. म्हणून मिश्र कामाला मी ६४ पासून सुरुवात करून २५६ पर्यंत मोजून पाहायला सांगेन, आणि तेही खऱ्या गर्दीच्या वेळच्या मागण्यांवर. हे आधीच करा. एकदा माहिती भरली की साइझ बदलायला बहुधा सगळं उतरवून पुन्हा भरावं लागतं.

एक बारीक खोडी राहिली. जुन्या पद्धतीत डिस्कचं विभाजन ६३व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं, म्हणजे ३१.५ किलोबाइटवर. मग ६४ च्या पट्टीतही १६ किलोबाइटचं दर चौथं पान दोन डिस्कांवर फाटतं. नव्या प्रणाली १ मेगाबाइटपासून सुरुवात करतात, तिथं हा प्रश्न नाही. जुन्या यंत्रावर मात्र आधी हे बघा, आकडा नंतर.

रेड ५ असेल तर लिहिण्याचा खर्च वेगळाच. छोटं पान बदलायचं तर जुनं पान वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्यानं लिहा. एका कामाची चार कामं. पट्टीचा आकार बदलून हे टळत नाही. ज्या डेटाबेसमध्ये फेरफार सारखे चालतात, तिथं आरशासारखी दुसरी प्रत ठेवणारं रेड १० घ्यावं.

सॉलिड स्टेट डिस्कमध्ये डोकंच सरकत नाही, त्यामुळे ते १२ मिलिसेकंद गेले आणि आकड्याची धारही बरीच बोथट झाली. पॅरिटीची चार कामं मात्र तिथंही तशीच आहेत, आणि फाटलेल्या पानाला तिथंही दोनदा जावं लागतं.