आमच्या खानावळीची मोरी

दिवाळीच्या अंकात मोरीची गोष्ट सांगायला बसलो आहे, याबद्दल वाचकांनी, विशेषतः भगिनींनी, रागावू नये. चकल्या तळून झाल्यावर कढईच्या तळाशी उरलेले तेल आपण कोठे ओततो, एवढे मनाशी आठवावे आणि मग पुढे वाचावे.

कोल्हापुरात आमची मटणाची खानावळ आहे. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुके मटण. रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसते. वडिलांनी मला मसाला भाजायला शिकविले, मटण पारखायला शिकविले, उधारी कशी वसूल करावी हेही शिकविले. पण रस्सा ताटातून मोरीत गेल्यावर त्याचे पुढे काय होते, हे त्यांनीही कधी पाहिले नव्हते.

मटणाची चरबी गरम असते तोवर पाण्यासारखी वाहते. निवली की तुपासारखी थिजते. गटाराच्या नळात ती अशीच थिजते. थरावर थर चढतो, त्यात भाताची शिते अडकतात. थंडीच्या दिवसांत तर विचारूच नका! मोरी तुंबली की आमची पोरे उकळते पाणी आणि साबणाची पूड ओतीत. पाणी भसकन खाली जाई आणि मी खूष होई. चरबी गेली कोठे? वितळून दहा-पंधरा हात पुढे गेली आणि तेथे पुन्हा थिजली. शेजारी भांडायला आला तेव्हा मी त्यालाच चार शब्द सुनावले, हे आज कबूल करतो.

हे काही आपल्याकडेच होते असे नाही. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील गटारात २०१७ साली चरबीचा एक प्रचंड गोळा सापडला. लांबी २५० मीटर, वजन सुमारे १३० टन! सांडपाण्यातल्या चुन्याशी चरबीचा संयोग होऊन साबणासारखा दगडच बनला होता. तो फोडून काढायला कित्येक आठवडे लागले, आणि त्याचा एक तुकडा पुढे तिथल्या म्युझियममध्ये मांडण्यात आला. इंग्रज कशाचे प्रदर्शन मांडील, सांगता येत नाही.

आमच्या मोरीने मात्र एका डिसेंबरातल्या रविवारी ऐन पंगतीच्या वेळी दगा दिला. मागच्या अंगणातले चेंबर तोंडापर्यंत भरले होते. बादल्यांनी उपसून पाणी कमरेइतके खाली आणले. पण खालचा नळ मोकळा होईना. ताटे धुणारा एकोणीस वर्षांचा पोरगा उभा होता. मी त्याला म्हणालो, "उतर रे जरा, पहारीने ढोस."

त्याने पँट दुमडली. एवढ्यात पंगतीला बसलेले एक गवंडीमामा उष्ट्या हातानिशी मागे आले आणि त्यांनी पोराचा दंड धरला.

"मालक, पोराला खाली घालू नका. वर येणार न्हाई."

"अहो मामा, आता वाससुद्धा येईनासा झालाय."

"त्येचंच भ्या वाटतंय मला."

मामांचे बोलणे अक्षरशः खरे होते, हे मला मागाहून कळले. बंद चेंबरात अन्न कुजले की हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू होतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला की तो नाकच बधिर करतो, आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. पण कायद्याचे सोडा. त्या रात्री माझ्या डोळ्यांपुढे त्या पोराची आई येत होती. तिला मी काय सांगणार होतो? चेंबर अखेर उपसा करणाऱ्या गाडीने मोकळे केले.

मग मामांनीच आम्हाला ग्रीस ट्रॅप बांधून दिला. नाव मोठे, वस्तू म्हणजे तीन खणांची जमिनीतली टाकी. पहिल्या खणात जाळी, खरकट्यासाठी. मधल्या खणात पाणी संथ उभे राहते. चरबी पाण्याहून हलकी, ती वर तरंगते, गाळ तळाला बसतो. तिसऱ्या खणात पाणी जाते ते भिंतीच्या खालच्या अंगाने, म्हणून वरची चरबी अडून राहते. सारी करामत या संथपणात आहे. घाईने बादल्या ओतल्या किंवा उकळते पाणी सोडले, की चरबी पाण्याबरोबर पळालीच.

मामा भिंत रचताना म्हणाले, "मालक, तुमच्या मोरीतलं पाणी आमच्या गावाला येतंय." त्यांचे गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठी. मी नकाशा आठवला. शहरातून जयंती नाला पंचगंगेला मिळतो. नदी इचलकरंजीवरून पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेला भेटते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. कावीळ चरबीने होत नाही. पण चरबीने तुंबलेल्या गटारातले मैलापाणी उसळून नाल्यात जाते, आणि नाला कोणाची भीड धरीत नाही. कसबा बावड्याला रोज ७६ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करू शकणारे केंद्र आहे. तेथे घाण खाणारे जंतू हवेवर जगतात. तेलाचा तवंग त्यांचाच श्वास कोंडतो. सार्वजनिक गटारात सोडायच्या पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक तेल-चरबी नसावी, असे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत जेमतेम दोन चमचे!

आता आमच्याकडे पातेली आधी जुन्या कागदाने पुसतात, मग धुतात. याचे श्रेय सौभाग्यवतींचे. टाकी बांधून जेवढी चरबी अडली नसेल तेवढी या पुसण्याने अडली असे त्यांचे म्हणणे, आणि ते मला खोडून काढता आलेले नाही. तळणीचे जुने तेल डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्याला देतो. सोमवारी गिऱ्हाईक कमी. त्या दिवशी टाकीत काठी घालून मोजायचे. चरबी आणि गाळ मिळून चौथा हिस्सा भरला की उपसायचे, वरूनच, लांब दांड्याच्या डावाने. आकडा वहीत लिहायचा. वही तोच पोरगा लिहितो. अक्षर वळणदार आहे.

मामा वसुबारसेला आले होते. जेवायला बसण्याआधी मागे गेले, झाकण उचलले, काठी बुडविली आणि वही मागितली. वहीत "चार बोटे" लिहिले होते.

"पाच हाईत," मामा म्हणाले, "लिव्ह पाच," आणि मग पांढऱ्या रश्श्याची वाटी मागितली.