जनरल रजिस्टर आणि तीस सप्टेंबरचा पट

हायस्कूलच्या कार्यालयात सगळ्यांत जपून ठेवलेली वही म्हणजे जनरल रजिस्टर. मुलाचे नाव दाखल झाले की त्याला अनुक्रमांक मिळतो आणि त्याच्यापुढे एक आडवी ओळ सुरू होते: वडिलांचे नाव, आईचे नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, मागची शाळा. उजवीकडचे रकाने तेव्हा कोरे असतात. शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. ही ओळ पुरी झाली की दाखला निघतो. नंतर जात किंवा जन्मतारीख बदलायची तर मुख्याध्यापकांची सही पुरत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते.

एवढी कडक शिस्त का, ते जात पडताळणीच्या रांगेत कळते. इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा, म्हणून नातू आजोबांच्या शाळेत उतारा मागायला जातो. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी शाळाशाळांची जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी लिपी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. पिढ्यांपूर्वी एखाद्या मास्तरांनी बोरूने लिहिलेल्या दोन अक्षरांवर आजच्या मुलाचा प्रवेश ठरतो. शाळेच्या दुसऱ्या कुठल्याही कागदाला इतके आयुष्य नाही.

याच ओळींची बेरीज म्हणजे पट. तो आता यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या ऑनलाइन प्रणालीवर भरला जातो. प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक आहे, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. पूर्वी वर्गवार बेरजा भरल्या की काम भागायचे. 2022-23 पासून प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती स्वतंत्र भरावी लागते. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरते. आकड्याला नोकऱ्या जोडल्या गेल्या की आकडा फुगतो. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि लाखो नावांमागे मूलच सापडले नाही. आज मुलागणिक नोंद मागतात, त्यामागची गरज या तीन दिवसांनी उघडी केली.

खरे नाव असले तरी एकूण पट फारसे सांगत नाही. समजा, एका शाळेचा पट पाच वर्षे 1,200 वरच आहे. वाचायची ती तुकडी. यंदाच्या आठवीतली किती मुले पुढच्या वर्षी नववीत दिसतात, त्यांत मुली किती, आणि गेलेल्यांच्या जागी बाहेरून किती आली? गळतीची जागा नव्या प्रवेशांनी भरली की बेरीज तशीच राहते आणि पाहणाऱ्याला शाळा सुरळीत वाटते.

मला सगळ्यांत जास्त खटकते ती तारीख. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे गळीत हंगामाला निघतात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात. 30 सप्टेंबरला मूल वर्गात असते, पटावर असते, शिक्षकांच्या मंजुरीतही मोजले जाते. दिवाळीनंतर ते उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे झोपडीत. नाव शाळेत राहते आणि मूल कारखान्याच्या गावात. अशा गावांच्या हायस्कूलचा पट वाचताना शेजारी जानेवारीचे हजेरीपत्रक ठेवायला हवे. आणि जनरल रजिस्टरच्या उजव्या रकान्यात ज्या मुलींपुढे ‘सततची गैरहजेरी’ असा शेरा आहे, त्यांच्या जन्मतारखा काढून शाळा सुटली तेव्हाचे वय बघायला हवे.