पाठीमागच्या आवाजाचं मोल

अमेरिकेत सॅन डिएगोला डॅन क्लार्क ऑडिओ नावाची एक छोटी कंपनी आहे. तिने २०२१ मध्ये ‘स्टेल्थ’ हा हेडफोन ३,९९९ डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास तीन लाख रुपयांना, बाजारात आणला. त्याआधी २०१९ मध्ये फ्रान्सच्या फोकल कंपनीचा ‘स्टेलिया’ २,९९९ डॉलरला आला होता. २०१८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरचा ‘एचडी ८२०’ सुमारे २,४०० डॉलरला आला. असा हेडफोन येणार म्हटलं की शौकीन दिवस मोजू लागतात आणि किंमत कळली की त्यांच्यात दोन तट पडतात. इतक्या वर्षांच्या संशोधनाचं मोल द्यायलाच हवं, असं काहींचं म्हणणं असतं. बाकीच्यांना ती उघड लूट वाटते.

हे तिन्ही हेडफोन क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून पूर्ण बंद कपांचे आहेत. वादात कुणाची बाजू घ्यायची हे ठरवण्याआधी असा हेडफोन बनवणं अवघड का असतं, हे समजून घ्यायला हवं.

हेडफोनच्या ड्रायव्हरमध्ये एक पातळ पडदा थरथरत असतो. तो कानाकडे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे जेवढा आवाज कानाकडे जातो, जवळपास तेवढाच पाठीमागेही निघतो. सेनहायझरने १९६८ मध्ये ‘एचडी ४१४’ आणला तेव्हा यावर सोपा उपाय काढला होता. त्यांनी कपाची पाठच उघडी ठेवली आणि मागचा आवाज मोकळ्या हवेत जाऊ दिला. ओपन-बॅक हेडफोनचा आवाज ऐसपैस वाटतो तो यामुळेच. पण मग बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आपलं गाणं शेजारच्यालाही ऐकू जातं.

पाठ बंद केली की मागच्या आवाजाला वाटच उरत नाही. तो कपाच्या भिंतीवर आपटतो, परततो आणि पातळ पडद्यातून थोडा उशिरा कानात शिरतो. बाथरूममध्ये गुणगुणताना एखादाच सूर अचानक घुमतो, तसंच इथे घडतं. फक्त कप लहान असल्यामुळे घुमणारे सूर खूप वरचे असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींत चार सेंटीमीटर अंतर असेल, तर सुमारे ४,३०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज तिथे घुमू लागतो. आपला कान ज्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, त्यातलाच हा भाग. त्यामुळे तिथली लहानशी गडबडही चटकन जाणवते.

ती आवरण्याची प्रत्येक कंपनीची रीत निराळी. ‘एचडी ८२०’मध्ये ५६ मिलिमीटरच्या ड्रायव्हरमागे वक्र काच बसवली आहे. मागचा आवाज तिच्यावरून परावर्तित होऊन ध्वनिशोषक कप्प्यांकडे वळावा, अशी तिची रचना आहे. काचेतून आतला ड्रायव्हर दिसतो आणि हेडफोन देखणा दिसतो. तरीही अनेक परीक्षकांच्या मोजमापांत ३०० हर्ट्झच्या आसपास आवाज खाली गेलेला आढळला. एक कोपरा दुरुस्त करताना दुसरा सुटू शकतो, तो असा.

‘स्टेल्थ’ने निराळी वाट धरली. त्यात ड्रायव्हर आणि कान यांच्यामध्ये बारीक नळ्या-पोकळ्यांची एक जाळी आहे. अशा रचनेला मेटामटेरियल म्हणतात. तिचे गुण ती कशापासून बनली यापेक्षा तिच्या आकारातून येतात. एका टोकाला बंद असलेल्या नळीची लांबी ध्वनिलहरीच्या पाव भागाइतकी असली, की आत जाऊन परतलेली लहर बाहेरच्या लहरीच्या नेमकी उलट पडते आणि तो सूर दबतो. ८,००० हर्ट्झच्या आवाजाची लहर साधारण ४.३ सेंटीमीटरची, म्हणजे त्यासाठी जेमतेम सेंटीमीटरभराची नळी पुरते. वेगवेगळ्या मापांच्या अनेक नळ्या जवळजवळ मांडल्या, की नको असलेले बरेच सूर एकदम आवरता येतात. मला या सगळ्या घडामोडीतला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. शाळेत नळीतल्या हवास्तंभाचं अनुनादन शिकवतात ना, तेच इथे नखाएवढ्या जागेत कामाला लावलेलं आहे.

‘स्टेलिया’चा भर पडद्यावर आहे. त्याचा ४० मिलिमीटरचा पडदा बेरिलियमचा आहे. हा धातू ॲल्युमिनियमच्या सुमारे चौपट ताठ, आणि घनता मात्र त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. त्यामुळे पडदा वेगाने हलतानाही सहज वाकत नाही. पण बेरिलियमची धूळ श्वासावाटे आत गेली तर फुफ्फुसांना गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून कारखान्यात कडक खबरदारी घ्यावी लागते आणि तिचा खर्च किमतीत चढतो. शिवाय असे हेडफोन मोठ्या संख्येने खपत नाहीत. संशोधनाचा, साच्यांचा, डाव्या-उजव्या ड्रायव्हरची अचूक जोडी जुळवण्याचा सगळा खर्च मोजक्या नगांवर पडतो.

म्हणजे किंमत योग्यच आहे का? इथे विज्ञान आपल्याला सावध करतं. जेरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली. कोणत्या कंप्रतेचा आवाज हेडफोन किती जोरात देतो, याचा त्याच्या किमतीशी काही संबंध आहे का, हा प्रश्न होता. तसा संबंध आढळला नाही. आवाजाच्या दर्जाचे इतरही पैलू असतात हे खरं. पण त्यातला सर्वांत महत्त्वाचा पैलू किमतीवरून ओळखता येत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. महागडा हेडफोन एका अस्सल अडचणीवर मेहनत घेतो, पण ती सुटली की नाही याची खात्री किंमत देत नाही.

नवं तंत्रज्ञान हळूहळू स्वस्तही होतं. डॅन क्लार्कनेच २०२३ मध्ये तशीच मेटामटेरियलची जाळी असलेला ‘ई-३’ हा क्लोज्ड-बॅक हेडफोन १,९९९ डॉलरला आणला. दोनच वर्षांत किंमत निम्मी झाली. आपल्याकडे आयात शुल्क आणि १८ टक्के जीएसटी धरून परदेशी हेडफोन आणखी महाग पडतो. तेव्हा थोडं थांबणं शहाणपणाचंच.

आणि घ्यायचाच असेल तर आपल्या डोक्यावर लावून ऐका. क्लोज्ड-बॅक हेडफोनचा खर्ज पॅड कानाभोवती किती घट्ट बसतात यावर ठरतो. ५० हर्ट्झची लहर जवळपास सात मीटर लांब असते. कपाच्या छोट्या पोकळीत तिचा फक्त दाब जाणवतो. चष्म्याच्या दांडीमुळे पडलेल्या फटीतून तो दाब निसटतो आणि तबल्याच्या बायाची घुमारेदार आस पातळ होते. दुकानात हे सहज तपासता येतं. पॅड बोटांनी हलकेच दाबून पाहा. खर्ज एकदम वाढला तर तो हेडफोन तुमच्या डोक्यावर नीट बसलेला नाही, मग तो तीन हजारांचा असो की तीन लाखांचा.

क्लोज्ड-बॅकचा खरा लाभ आपल्या गजबजलेल्या शहरांत मिळतो. बाहेरचा गोंगाट अडला की आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. कमी आवाजातही गाण्याचे बारकावे पोहोचवणारा, कानांना जपणारा हेडफोन साध्या नोकरदाराच्या आवाक्यात यायला हवा. एखादा नवा हेडफोन जाहीर झाला की किती डॉलरचा, हे विचारायला हरकत नाही. पण त्याच्या आधी, मागच्या आवाजाचं त्यांनी नेमकं काय केलं आणि मोजमापात ते दिसतं का, हे विचारायला हवं. ग्राहक हे विचारू लागले, तर कंपन्यांनाही उत्तरं मोजमापांतच द्यावी लागतील.