स्कूटरची जीभ पाहिलीत का?

डॉक्टरांकडे गेलं की ते आधी जीभ दाखवायला सांगतात ना? स्कूटरलाही जीभ असते बरं का, ती म्हणजे तिचा स्पार्क प्लग! आत पेट्रोल कसं जळतंय, ते त्याच्या टोकावर दिसतं.

माझी जुनी, कार्ब्युरेटरची स्कूटर डोंबिवलीत घर, शाळा आणि स्टेशन एवढीच धावते. गणपतीच्या आधी ती झटके देऊ लागली. गॅरेजवाला म्हणाला, "ताई, इंजिन खोलावं लागेल. सात-आठ हजार धरून चाला." अर्धवेळ शिक्षिकेचा तो महिन्याचा पगार! मला बाबांची बजाज चेतक आठवली. तिचा प्लग ते रविवारी काढून पुसत. म्हटलं, "आधी प्लग तर दाखवा."

प्लग कोरडा, काळाकुट्ट. रॉकेलचा स्टोव्ह भडकला की पातेल्याचं बूड होई, अगदी तसा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर उघडला, तर रस्त्याच्या कामांच्या धुळीने गच्च! शिवाय स्टेशनपर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, त्यानेही काजळी धरते. नवा फिल्टर, नवा प्लग, आणि गाडी सुरळीत.

निरोगी प्लगचं टोक बिस्किटी रंगाचं असतं. पांढरंफटक किंवा फोड आल्यासारखं दिसलं, तर इंजिन फाजील तापतंय. पेट्रोल कमी पोचतंय किंवा प्लगच चुकीच्या नंबरचा आहे. तशी गाडी दामटू नका. काळं आणि तेलकट असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं झिजून ऑइल आत येत असावं. तेव्हा मात्र इंजिन खोलण्याचा सल्ला खरा असू शकतो. (बाबांच्या टू-स्ट्रोक चेतकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळत, त्यामुळे तिथे थोडा तेलकटपणा चालायचा.) ठाण्याच्या माझ्या मावसबहिणीने लेकीसाठी पाहिलेली एक चकचकीत जुनी स्कूटर तेलकट प्लग पाहूनच नाकारली.

गाडी आधी पाच-सात किलोमीटर चालवा, मग इंजिन पूर्ण गार होऊ द्या. नुकत्याच सुरू केलेल्या गाडीचा प्लग फसवतो. टोपी धरून ओढा, वायर नव्हे. भोवतीची धूळ फुंकून टाका, नाहीतर ती आत जाते. परत बसवताना आधी हातानेच फिरवा, पाना शेवटी. प्लग वाकडा बसून आटे गेले, तर मग गॅरेजवाला सांगेल तो आकडा मुकाट्याने द्यावा लागतो!