एकवीस अंकी संख्येचे गुपित

सदुसष्ट वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार केला आणि त्यातून १ वजा केला, तर १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या मिळते. वरकरणी तिच्यात विशेष काही नाही. तथापि ती मूळ संख्या आहे की नाही, हा प्रश्न दोन शतकांहून अधिक काळ अनिर्णित होता. १ आणि ती स्वतः यांखेरीज अन्य कोणत्याही संख्येने जिला निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या.

फ्रेंच धर्मोपदेशक व गणितज्ञ मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा प्रकारच्या मूळ संख्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत या संख्येचा समावेश होता. सिद्धता मात्र दिलेली नव्हती. १८७६ मध्ये एदुआर ल्यूका यांनी मेर्सेन यांचे विधान चुकीचे ठरवले. गंमत अशी, की ल्यूका यांना या संख्येचा एकही विभाजक सापडला नव्हता. मूळ संख्येत आढळलाच पाहिजे असा एक गुणधर्म या संख्येत नाही, एवढेच त्यांनी दाखवले. संख्येला अवयव आहेत हे निश्चित झाले; ते कोणते, हे अज्ञातच राहिले.

हा शोध १९०३ मध्ये अमेरिकी गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी पूर्ण केला. १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे ते दोन अवयव. या संख्येचा कोणताही विभाजक १३४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असला पाहिजे, हे सिद्ध करता येते. त्यामुळे तपासावयाच्या संख्या बऱ्याच कमी होतात. तरीही पहिला अवयव १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीनंतर येतो! न्यूयॉर्कच्या सभेत कोल यांनी एक शब्दही न बोलता फळ्यावर हा गुणाकार करून दाखवला, अशी आख्यायिका आहे.

गुणाकार पडताळण्यास काही मिनिटे पुरतात. अवयव शोधण्यास मात्र अपार कष्ट पडतात. नेमक्या याच विषमतेवर रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये ‘आरएसए’ ही सांकेतिक लेखनपद्धती उभारली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करावयाचा आणि त्या दोन संख्या गुप्त ठेवावयाच्या, हे तिचे सूत्र. संकेतस्थळांची ओळख पटवण्यासाठी आणि माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी ती आजही वापरली जाते.

कोल यांची संख्या आजचा संगणक क्षणार्धात फोडतो. २०२० मध्ये एका २५० अंकी संख्येचे अवयव काढण्यात आले. म्हणूनच ‘आरएसए’साठी आता साधारणतः ६१७ अंकी वा त्याहून मोठ्या संख्या वापरतात. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मांडलेली रीत पुरेशा शक्तिशाली क्वांटम संगणकावर चालली, तर ही तटबंदीही ढासळेल. मुळात अवयव शोधण्याची सोपी रीत असूच शकत नाही, हे आजवर कोणीही सिद्ध केलेले नाही. ती अद्याप सापडलेली नाही, एवढाच काय तो आपल्या गुपितांना आधार आहे.